परदेशाने प्रत्यार्पण मागितले तर: भारतातील न्यायालयांत दाद कशी मागावी

प्रत्यार्पणाच्या प्रकरणात न्यायालय माणूस दोषी आहे की निर्दोष, हे ठरवत नाही. हे सर्वांत आधी सांगतो, कारण बहुतेक कुटुंबांचा पहिला पैसा, पहिली धावपळ आणि पहिल्या वकिलाची फी निर्दोषत्व सिद्ध करण्यात खर्च होते. भारतातील दंडाधिकाऱ्यांपुढे प्रश्न एवढाच असतो, की दुसऱ्या देशाने केलेली मागणी आपल्या कायद्यात आणि त्या देशाशी असलेल्या करारात बसते का, आणि खटला चालवण्याजोगे प्रथमदर्शनी प्रकरण तिच्यात दिसते का.

माझ्या जवळच्या नात्यातील एकाच्या प्रत्यार्पणाची मागणी आली, तेव्हा दिल्लीच्या तारखा, वकिलांच्या बैठका आणि परराष्ट्र मंत्रालयाशी पत्रव्यवहार हे सर्व मी सांभाळले. त्या अनुभवावरून, ज्यांच्या घरातील माणूस भारतात आहे आणि त्याला दुसऱ्या देशात पाठवण्याची कारवाई सुरू झाली आहे, अशांसाठी ही माहिती क्रमाने मांडत आहे. मी वकील नाही. वकिलासमोर बसाल तेव्हा कोणते प्रश्न विचारायचे, ते या लेखातून कळावे, एवढाच हेतू आहे.

१. कायदा आणि करार, दोन्ही आधी हातात घ्या

मूळ कायदा म्हणजे प्रत्यार्पण कायदा, १९६२. त्यात १९९३ साली मोठी दुरुस्ती झाली, त्यामुळे जुन्या पुस्तकातील मजकुरावर विसंबू नये. कायद्यासोबत संबंधित देशाशी झालेला करार आणि तो लागू करणारी राजपत्रातील अधिसूचना मिळवा. कायद्याचे कोणते प्रकरण (म्हणजे कायद्यातील भाग) त्या देशाला लागू आहे, हे अधिसूचनेत लिहिलेले असते आणि त्यावर बरेच अवलंबून असते. दुसऱ्या प्रकरणाखाली दंडाधिकारी प्रथमदर्शनी पुरावा पाहतात. तिसऱ्या प्रकरणाखाली मात्र परदेशी वॉरंट रीतसर प्रमाणित आहे का आणि गुन्हा प्रत्यार्पणयोग्य आहे का, एवढेच तपासले जाते.

करारांमध्ये फरक फार आहेत. संयुक्त अरब अमिरातीशी १९९९ साली झालेल्या करारात स्वतःच्या नागरिकांचे प्रत्यार्पण न करण्याची तरतूद आहे. अमेरिकेशी १९९७ साली झालेल्या करारात माणूस भारतीय नागरिक आहे, एवढ्या कारणाने मागणी नाकारता येत नाही. त्यामुळे दुबईहून परतलेल्या शेजाऱ्याच्या प्रकरणात जे घडले, ते न्यू जर्सीहून परतलेल्या तुमच्या भावाला लागू पडेलच असे नाही. शिवाय प्रत्यार्पण टळले म्हणजे प्रकरण मिटले, असेही समजू नये. कलम ३४-अ खाली केंद्र सरकार त्याच आरोपावरून भारतात खटला चालवू शकते.

करार ब्रिटिशांच्या काळातला आहे म्हणून तो आता संपला, हा युक्तिवाद ऐकायला जोरदार वाटतो, पण त्यावर भिस्त ठेवू नका. ब्रिटन आणि चिली यांच्यात १८९७ साली झालेला करार आजच्या भारतालाही बांधून ठेवतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली म्हटले आहे.

२. नोटीस, सर्क्युलर आणि वॉरंट यांत गल्लत करू नका

इंटरपोलची रेड कॉर्नर नोटीस, म्हणजे हव्या असलेल्या माणसाला शोधण्याची इतर देशांना केलेली विनंती, हे अटकेचे वॉरंट नव्हे. केवळ तिच्या आधारे भारतात कोणालाही उचलून परदेशी पाठवता येत नाही, त्यासाठी प्रत्यार्पण कायद्याचीच वाट धरावी लागते. या विषयावर भावेश जयंती लखानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, (२००९) ९ एससीसी ५५१ (एससीसी म्हणजे ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ हा निकालसंग्रह), हा निकाल तुमच्या वकिलाने वाचलेला असला पाहिजे. नोटीस राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाची असेल, तर इंटरपोलच्या घटनेतील तिसऱ्या अनुच्छेदाचा आधार घेऊन ती काढून टाकण्याची मागणी इंटरपोलच्या फाइल-नियंत्रण आयोगाकडे करता येते. हा अर्ज भारतातील न्यायालयीन लढ्याला समांतर चालतो, त्याच्या निकालासाठी इथले काही थांबत नाही. लुकआउट सर्क्युलर ही तिसरी गोष्ट. ते विमानतळावर अडवण्यासाठी असते आणि त्याला उच्च न्यायालयात आव्हान देता येते.

आखातातून परतलेल्यांसाठी इथे एक स्वतंत्र सूचना देतो. बँकेचे कर्ज थकवून परत आलेल्या माणसाला वसुली एजंट फोनवरून ‘इंटरपोल लावू, प्रत्यार्पण करू’ अशी धमकी सर्रास देतात. थकलेले कर्ज ही मुळात दिवाणी बाब आहे. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनंतर अमिरातीतील दिवाणी हुकूमनाम्याची बजावणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली आपल्या जिल्हा न्यायालयामार्फत होऊ शकते, आणि त्याला उत्तर त्याच न्यायालयात द्यायचे असते. फसवणुकीची फौजदारी तक्रार झाली असेल, तर ती बाजू वेगळी पाहावी लागते. एजंटाच्या फोनला घाबरून कोणत्याही कागदावर सही करू नये.

रेड कॉर्नर नोटीस असताना परदेशप्रवास करणे मात्र खरोखर धोक्याचे आहे, कारण काही देशांत तिच्या आधारे अटक होते. मग सगळी लढाई तिसऱ्याच देशाच्या कायद्याखाली लढावी लागते.

३. अटक झाली तर पहिल्या चोवीस तासांत

अटक दोन प्रकारे होते. एक, परदेशाची रीतसर मागणी आल्यावर केंद्र सरकारने प्रत्यार्पण कायद्याच्या कलम ५ खाली चौकशीचा आदेश दिला आणि दंडाधिकाऱ्यांनी कलम ६ खाली वॉरंट काढले, तर. दुसरी, तातडीच्या विनंतीवरून कलम ३४-ब खाली होणारी तात्पुरती अटक. दुसऱ्या प्रकारात अटकेच्या तारखेपासून ६० दिवसांत औपचारिक मागणी आली नाही, तर माणसाला सोडावे लागते. म्हणून अटकेची तारीख आणि वेळ पंचनाम्यावर व अटकेच्या कागदांवर नीट नोंदली आहे ना, हे त्याच दिवशी पाहा.

अटकेची कारणे लेखी मागा. वॉरंटची प्रत मागा. महाराष्ट्रात अटक झाली, तर दिल्लीला नेण्यापूर्वी स्थानिक दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे कोठडीत तिकडे नेण्याची परवानगी, घेतला जातो. त्या अर्ध्या तासाच्या सुनावणीला स्वतःचा वकील उभा असणे फार उपयोगी पडते, कारण कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या कागदावर अटक झाली, हे पहिल्यांदा तिथेच उघड होते. औषधे, चष्मा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या त्याच वेळी न्यायालयाच्या परवानगीने सोबत द्या.

वकीलपत्रावर सही त्याच दिवशी घ्या. माणूस एकदा तुरुंगात गेला, की प्रत्येक वकीलपत्र आणि प्रतिज्ञापत्र तुरुंग अधीक्षकांच्या सही-शिक्क्यानेच बाहेर येते आणि त्यात दिवस जातात. म्हणून दिल्लीतील न्यायालय, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यासाठी वेगवेगळी वकीलपत्रे वकिलाकडून आधीच भरून घ्यावीत. खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतील व्यक्तीला १९८७ च्या कायद्याखाली उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

४. मागणीचा गठ्ठा मिळवा आणि पान अन् पान वाचा

परदेशाने पाठवलेली कागदपत्रे हा या प्रकरणाचा पाया असतो. त्या गठ्ठ्यात साधारणपणे मागणीची टिपणी, तिकडच्या न्यायालयाचे वॉरंट, आरोपपत्र, तिकडच्या कायद्यातील कलमांचा मजकूर, सरकारी वकिलाचे किंवा तपास अधिकाऱ्याचे प्रतिज्ञापत्र, पुराव्याचा सारांश आणि ओळख पटवणारी पाने असतात. अमेरिकेतून आलेल्या गठ्ठ्याला फीत ओवून वर शिक्का मारलेला असतो. मूळ गठ्ठा न्यायालयात राहतो, म्हणून नकलेसाठी लगेच अर्ज करा आणि नक्कल मिळाल्यावर पानांचे क्रमांक सलग आहेत का ते तपासा. कलम १० मध्ये परदेशी कागद कोणाच्या सहीने किंवा शिक्क्याने प्रमाणित मानला जातो, ते सांगितले आहे. त्या यादीशी प्रत्येक कागद पडताळून पाहणे हे वकिलाच्या कनिष्ठाचे काम असले, तरी घरातल्या एका माणसाने ते स्वतःही करावे.

ओळखीच्या पानांवर विशेष थांबा. अमेरिकी पद्धतीत तारखेत महिना आधी येतो, त्यामुळे ५ जुलैचा जन्म तिकडच्या कागदावर ०७/०५ असा दिसतो. तो फरक म्हणजे विसंगती नव्हे. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते. तिकडच्या कागदांवर कधी तेच आडनाव होऊन बसते, तर कधी विवाहित स्त्रीच्या माहेरच्या नावाने दुसरीच व्यक्ती तयार होते. अशा फरकांची एक यादी करा, पण तेवढ्यावर सुटका होईल असे धरून चालू नका. छायाचित्र आणि बोटांचे ठसे जुळत असतील, तर नावातील गोंधळ टिकत नाही. गुन्हा घडला म्हणतात त्या दिवशी माणूस त्या देशातच नव्हता, हे पासपोर्टवरील शिक्क्यांवरून दिसत असेल, तर मात्र ती गंभीर बाब आहे.

तुमच्या बाजूने पुढील कागद जमवून ठेवा:

- जुने आणि नवे सर्व पासपोर्ट, व्हिसा, विमानतळावरील शिक्के असलेल्या पानांच्या प्रती
- जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, नावबदलाचे राजपत्र
- परदेशातील नोकरीचे करारपत्र, वेतनाच्या पावत्या, घरभाड्याचे कागद
- तिकडच्या न्यायालयातील प्रत्येक आदेश. एकदा निर्दोष सुटका किंवा शिक्षा झाली असल्यास त्याची प्रमाणित प्रत
- भारतात प्रलंबित असलेल्या कोणत्याही फौजदारी प्रकरणाचा तपशील
- वैद्यकीय कागद आणि अवलंबून असलेल्या कुटुंबीयांची माहिती (याचा उपयोग सातव्या टप्प्यावर होतो)

परदेशात तयार झालेल्या कागदावर शक्य असेल तिथे अपोस्टिल (कागद खरा असल्याचे त्या देशाचे अधिकृत प्रमाणन) करून घ्या, आणि इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील कागदासोबत अनुवादकाचे प्रमाणपत्र जोडा.

५. दंडाधिकाऱ्यांपुढील चौकशी

ही चौकशी बहुतेक वेळा दिल्लीत, पटियाला हाऊस न्यायालयात होते. भारत सरकारतर्फे विशेष सरकारी वकील उभे राहतात आणि परराष्ट्र मंत्रालयाचा अधिकारी कागदपत्रे दाखल करतो. कलम ५ च्या आदेशापूर्वी तुमचे म्हणणे ऐकून घ्यावे, अशी तरतूद कायद्यात नाही, त्यामुळे बोलण्याची पहिली खरी संधी इथेच मिळते.

कलम ७ खाली दोन्ही बाजूंचा पुरावा घेतला जातो. गुन्हा राजकीय स्वरूपाचा आहे किंवा तो प्रत्यार्पणयोग्य गुन्हाच नाही, हे दाखवणारा पुरावा देण्याचा हक्क या कलमाने स्पष्टपणे दिला आहे. परंतु सरबजित रिक सिंग विरुद्ध भारत सरकार, (२००८) २ एससीसी ४१७, या निकालानंतर ही चौकशी म्हणजे खटला नव्हे, हे पक्के झाले आहे. साक्षीदार खोटे बोलतात, तपास पक्षपाती होता, तिकडच्या पोलिसांनी अडकवले, हे सर्व खरे असले, तरी त्याचा निवाडा तिकडच्या न्यायालयाने करायचा असतो. हे मुद्दे तासभर मांडणाऱ्या वकिलापेक्षा पुढील प्रश्नांवर पंधरा मिनिटे नेमके बोलणारा वकील शोधा.

पहिला प्रश्न: आरोपात सांगितलेले कृत्य भारतात घडले असते, तर तो गुन्हा ठरला असता का आणि शिक्षेची मर्यादा करारातील अटीएवढी आहे का? गुन्ह्याचे नाव दोन्हीकडे सारखे असण्याची गरज नसते. कृत्य काय आहे, हे पाहिले जाते. तिकडच्या आरोपपत्रात दहा आरोप असतील, तर प्रत्येकासाठी हा प्रश्न वेगळा विचारा. काही आरोप गळले, तरी त्याचा पुढे उपयोग होतो.

दुसरा प्रश्न: कलम ३१ मधील मनाई लागू होते का? गुन्हा राजकीय स्वरूपाचा असेल, मागणी करणाऱ्या देशाच्या कायद्यानुसार खटल्याची मुदत संपली असेल, किंवा ज्या गुन्ह्यासाठी पाठवले त्याखेरीज दुसऱ्यासाठी खटला चालवणार नाही अशी तरतूद तिकडच्या कायद्यात वा करारात नसेल, तर माणसाला पाठवता येत नाही. मुदतीचा मुद्दा फार कमी लोक तपासतात. त्यासाठी तिकडच्या वकिलाचे लेखी मत घ्यावे लागते. मला विचाराल तर निर्दोषत्वाच्या पुराव्यावर होणाऱ्या खर्चातील एक हिस्सा या मताकडे वळवावा. राजकीय गुन्ह्याचा बचाव मात्र अरुंद आहे, कारण खून, अपहरण, विमान अपहरण अशा कायद्याच्या अनुसूचीतील गुन्ह्यांना तो मिळत नाही.

भारतात दुसऱ्या गुन्ह्याचा आरोप प्रलंबित असेल, तर त्याचा निकाल लागेपर्यंत कलम ३१ खाली पाठवणे थांबते. हे वाचून इथेच एखादी तक्रार स्वतःवर ओढवून घेण्याचा सल्ला देणारे लोक न्यायालयाच्या आवारात भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. बनाव उघड झाला, तर उच्च न्यायालयात कोणीही सहानुभूतीने ऐकणार नाही.

तिसरा प्रश्न: पुराव्याच्या सारांशात तुमच्या माणसाला गुन्ह्याशी जोडणारे नेमके काय आहे? ‘त्याचा सहभाग होता’ एवढेच वाक्य असेल आणि त्यामागे जबाब, बँकेची नोंद किंवा संदेश नसेल, तर प्रथमदर्शनी प्रकरण उभे राहत नाही, असे म्हणता येते. अशा वेळी दंडाधिकारी कलम ७(३) खाली माणसाला मुक्त करू शकतात.

६. जामीन

कलम २५ नुसार, भारतातच तो गुन्हा केल्याचा आरोप असता तर जामिनाच्या ज्या तरतुदी लागू झाल्या असत्या, त्याच इथे लागू होतात. माणूस पळून जाईल, ही सरकार पक्षाची ठरलेली हरकत असते. पासपोर्ट जमा करणे, दिल्लीत राहण्याचा पत्ता देणे, नातेवाइकांचे जामीनदार आणि मालमत्तेचे कागद हे सर्व अर्जासोबतच जोडा. गावाकडचा सातबारा जोडत असाल, तर तो ताजा आणि डिजिटल सहीचा असावा, आणि सोबत भाषांतर द्यावे. दिल्लीच्या न्यायालयात मराठी उतारा कोणी वाचत नाही.

७. केंद्र सरकारला लेखी निवेदन

दंडाधिकाऱ्यांना प्रथमदर्शनी प्रकरण दिसले, तर ते माणसाला तुरुंगात ठेवून केंद्र सरकारला अहवाल पाठवतात. कलम ७(४) खाली त्या अहवालासोबत तुमचे लेखी निवेदनही जाते. या टप्प्याकडे कुटुंबे सर्वाधिक दुर्लक्ष करतात. निवेदन मागाहून लिहू म्हणून राहून जाते आणि अहवाल रिकामाच जातो. ते चौकशी चालू असतानाच तयार ठेवा.

दंडाधिकाऱ्यांपुढे जे मुद्दे बसत नाहीत, त्यांना जागा इथे आहे. आरोप क्षुल्लक आहे, मागणी प्रामाणिक हेतूने केलेली नाही, किंवा पाठवणे अन्यायाचे ठरेल, अशा कारणांवरून कलम २९ खाली सरकार कार्यवाही थांबवू शकते. गंभीर आजार, लहान मुले, तिकडच्या तुरुंगांची स्थिती, करारातील फाशीविषयक कलम, यांतील जे लागू असेल ते कागदांसह मांडा.

इथे वर्तमानपत्रे वाचून होणारा एक गैरसमज दूर करतो. विजय मल्ल्या यांच्या प्रकरणात लंडनच्या न्यायाधीशांनी मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातील १२ क्रमांकाच्या बराकीचे चित्रीकरण मागवून पाहिले, आणि डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ साली छळाच्या शक्यतेवरून पुरुलियात विमानातून शस्त्रे टाकल्याच्या प्रकरणातील आरोपीला भारतात पाठवण्यास नकार दिला. तिथल्या न्यायाधीशांना मानवी हक्कांचा प्रश्न स्वतः तपासावा लागतो. आपल्या १९६२ च्या कायद्यात दंडाधिकाऱ्यांसाठी तसे कलम नाही. म्हणून हा मुद्दा निवेदनात, आणि पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा (जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा) आधार घेऊन उच्च न्यायालयात मांडावा लागतो.

८. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय

दंडाधिकाऱ्यांच्या निष्कर्षाविरुद्ध अपील करण्याची तरतूद प्रत्यार्पण कायद्यात नाही. उपाय आहे तो राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात करायच्या रिट याचिकेचा, आणि त्यानंतर अनुच्छेद १३६ खाली सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेचा. कारवाई दिल्लीत चालू असेल, तर याचिका सहसा दिल्ली उच्च न्यायालयात होते. अटक महाराष्ट्रात झाली असेल आणि त्या अटकेलाच आव्हान द्यायचे असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाचा विचार वकिलासोबत करावा.

वेळेचे गणित इथे फार महत्त्वाचे आहे. तुरुंगात पाठवल्याच्या तारखेपासून १५ दिवस होईपर्यंत माणसाला परदेशाच्या ताब्यात देता येत नाही, असे कलम ३१ सांगते. ही खिडकी याचिका दाखल करण्यासाठीच वापरा. दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाची प्रमाणित प्रत मिळण्यास वेळ लागत असेल, तर नकलेच्या अर्जाची पोच जोडून याचिका दाखल करता येते का, ते वकिलाला विचारा. याचिकेत स्थगितीची मागणी स्वतंत्रपणे करा. नुसती याचिका दाखल झाल्याने काही थांबत नाही.

उच्च न्यायालय पुरावा नव्याने तोलत बसत नाही. अधिकार नसताना आदेश दिला, कायद्यातील अट पाळली नाही, मनाईचे कलम दुर्लक्षिले, निवेदनाचा विचार न करता कलम ८ चा, म्हणजे परदेशाच्या ताब्यात देण्याचा, आदेश काढला, अशा चुका दाखवाव्या लागतात. म्हणूनच खालच्या न्यायालयात प्रत्येक हरकत लेखी नोंदवलेली असावी.

९. ताब्यात देण्याचा आदेश झाल्यानंतर

कलम ८ खालील आदेशाची प्रत तुरुंगात माणसाला आणि बाहेर वकिलाला, दोघांनाही मिळावी अशी लेखी विनंती मंत्रालयाकडे आधीच करून ठेवा. आदेशालाही रिट याचिकेने आव्हान देता येते. तुरुंगात पाठवल्यापासून दोन महिन्यांत माणसाला नेले गेले नाही, तर कलम २४ खाली सुटकेसाठी उच्च न्यायालयात अर्ज करता येतो. सरकारने विलंबाचे पुरेसे कारण दाखवले, तर मात्र न्यायालय तो फेटाळू शकते, त्यामुळे तुमच्याच याचिकेतील स्थगितीमुळे गेलेला काळ या हिशेबात धरून चालू नका.

‘मी स्वखुशीने जाण्यास तयार आहे’ असे लिहून देण्याचा प्रस्ताव कधी कधी समोर येतो. आरोप किरकोळ असेल आणि तिकडे जामीन मिळण्याची खरी शक्यता असेल, तर तो शहाणपणाचा निर्णय ठरू शकतो. मात्र तिकडच्या वकिलाशी बोलल्याशिवाय आणि कोणत्या आरोपांसाठी जात आहोत हे कागदावर आल्याशिवाय सही करू नये. पाठवणी झालीच, तर कलम ८ चा आदेश, दंडाधिकाऱ्यांचा अहवाल आणि गळलेल्या आरोपांची यादी यांच्या प्रमाणित प्रती तिकडच्या वकिलाकडे विमान उतरण्याआधी पोहोचल्या पाहिजेत, कारण आदेशात नसलेल्या आरोपावर खटला उभा करण्याचा प्रयत्न झाला, तर पहिल्याच तारखेला हरकत घेण्यासाठी त्याला हेच कागद लागतील.